लाडकं सुरुवातीचं वर्ष कोणतं? (क्रुसेडर किंग्जवाल्यांसाठी. माझं १०६६, पण हेस्टिंग्जसाठी नाही)

गढीवरचा

मंडळी, इथे क्रुसेडर किंग्ज खेळणारे मूठभर का होईना पण आहेत, हे परवा भलत्याच एका धाग्यावरच्या अवांतरातून कळलं. म्हणून ही धाग्याची जिलबी. प्रश्न एवढाच: नवा डाव मांडताना कोणतं वर्ष घेता आणि का?

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सचा हा खेळ. दुसरा भाग २०१२ चा, तिसरा २०२० चा. यात आपण देश खेळत नाही, माणूस खेळतो. तो मेला की त्याच्या वारसाच्या अंगात शिरायचं. घराण्यात वारस उरला नाही की खेळ खलास. सोयरिकी, भाऊबंदकी, विषप्रयोग आणि मांडलिकांचे रुसवेफुगवे हाच मुख्य धंदा, लढाया त्यामागून येतात. तिसऱ्या भागात सुरुवात ८६७ किंवा १०६६ ला करता येते, आणि २०२४ च्या रोड्स टू पॉवर या उपप्रकरणापासून (म्हणजे मूळ खेळावरची विकतची भर) ११७८ लाही. शेवट सगळ्यांचा १४५३ ला. दुसऱ्या भागात ७६९ सुद्धा होतं, शिवाय १०६६ ते १३३७ मधली कुठलीही तारीख घेता यायची.

माझं मत असं की चांगलं वर्ष ते, जिथे पुढे काय झालं हे खेळणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं आणि पटावरच्या एकालाही त्याची गंधवार्ता नसते.

१०६६ म्हटलं की सगळे इंग्लंडकडे धावतात. धावावंच. डाव १५ सप्टेंबरला सुरू होतो. राजा एडवर्ड जानेवारीतच वारलाय, गादीवर हॅरॉल्ड गॉडविन्सन आहे. नॉर्वेचा हाराल्ड हार्द्रादा उत्तरेकडून आलाय, आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर विल्यम वारा फिरायची वाट बघतोय. प्रत्यक्षात २५ तारखेला स्टॅमफर्ड ब्रिजला हार्द्रादा पडला, २८ ला विल्यम पेव्हन्सीला उतरला, १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जला हॅरॉल्ड गेला. महिन्याभरात तीन दावेदारांतले दोन संपले.

मी मात्र नकाशा उजवीकडे ओढत तुंगभद्रेपर्यंत नेतो.

तिथे कल्याणीच्या चालुक्यांचा पहिला सोमेश्वर, बिरुद आहवमल्ल, १०४२ पासून गादीवर आहे. दक्षिणेला वीरराजेंद्र चोळ. या दोन घराण्यांचं वैर जुनं आणि कडवं. १०५४ ला कोप्पमच्या लढाईत चोळांचा राजाधिराज हत्तीवरच मारला गेला, तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने तिथेच, रणांगणावर, स्वतःला अभिषेक करवून घेतला आणि लढाई पुढे चालवली. आता आहवमल्लाचं घर बघा. मुलगे तीन: सोमेश्वर, विक्रमादित्य, जयसिंह. थोरला म्हणून गादी सोमेश्वराची, पण मनगटात जोर दुसऱ्याच्या. १०६८ मध्ये दुखणं हटेना म्हणून आहवमल्लाने कुरुवत्तीला तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. आठ वर्षं दोघा भावांचं कसंबसं चाललं. १०७६ ला विक्रमादित्याने थोरल्याला कैद केलं, गादी घेतली, स्वतःचा संवत काढला आणि पुढे पन्नास वर्षं राज्य केलं. जयसिंह तेव्हा विक्रमादित्याच्या बाजूला होता, त्याला बक्षीस म्हणून बनवासी मिळाली. काही वर्षांनी तोही तिथून उठला.

हे सगळं खेळाच्या नियमांतून आपोआप घडू शकतं. सुरुवातीला वारसाहक्क वाटणीचा असतो, म्हणजे तीन मुलगे म्हणजे तीन हिस्से. सगळं थोरल्याला देणारा नियम तिसऱ्या भागात उत्तर मध्ययुगात उघडतो, आणि ते युग १२०० च्या आधी येत नाही. तोवर दर पिढीला हीच कटकट. मी आहवमल्ल घेतो तेव्हा माझ्या हातात दोनेक वर्षं आहेत हे मला माहीत असतं. तेवढ्या वेळात कुणाला कुठे ठेवू, कुणाचं लग्न कुठे लावू, की चोळांवरच तुटून पडू? इंग्लंडमध्ये पहिल्या महिन्यात निकाल लागतो, इथे दहा वर्षं जीव टांगणीला.

बोला आता.

रातकिडा

८६७. विषय संपला.

बरं, धागाकर्त्याने एवढं टंकलंय तर थोडं लिहितो. १०६६ ला जग आधीच वाटून झालेलं असतं. जर्मनांचं साम्राज्य छातीवर बसलेलं, पूर्वेला सेल्जुक फुगत चाललेले, इकडे फातिमी. लहान माणसाने करायचं काय, तर कुणाच्या तरी पदराखाली जायचं. ८६७ ला सगळं भुसभुशीत आहे. शार्लमेनचे वंशज एकमेकांच्या उरावर बसलेत, ८४३ च्या वर्दूनच्या तहात साम्राज्याचे तीन तुकडे झाले आणि त्यातल्या एकाचे पुन्हा तुकडे. अब्बासी खलिफाला त्याचेच तुर्की सरदार नाचवतायत, आणि इराणात याकूब नावाचा एक तांबट राज्य उभं करतोय. तांबट! जन्मानं ना सरदार ना कुणी. असं वर्ष दुसरं दाखवा.

आणि हेस्टाइन, व्हायकिंग सरदार. फ्रान्समधल्या लॉयर नदीच्या मुखाशी माँतेग्यूचं एवढंसं ठाणं हातात, आजूबाजूला सगळे शत्रू, पण बोटी आहेत आणि कुठलं राज्य मागायचं यावर बंधन जवळपास नाही. त्याला घेऊन मी आधी सिसिली, मग इजिप्त, मग तांबड्या समुद्रातून थेट कोकण गाठलंय. ठाण्याच्या खाडीत लांबलचक बोटी. नातवाचं नाव ठेवलं रग्नार आणि सून यादवांची.

८६७ पासून १४५३ पर्यंत ५८६ वर्षं मिळतात. तुमच्या १०६६ ला ३८७. हिशेब करा.

निवृत्त_नाना

रातकिडाशेठ, कोकणातल्या त्या डावाचा वेगळा धागा काढा, हसून हसून पुरेवाट.

माझं मत ७६९. तिसऱ्या भागात ते नाही याचं दुःख करत मी अजून दुसराच भाग खेळतो. पोरं म्हणतात बाबा नवीन घ्या. कशाला? दुसऱ्या भागाची सगळी उपप्रकरणं सेलमध्ये घेऊन ठेवलीत, ती वाया घालवू?

पेपिन ७६८ च्या सप्टेंबरात वारला. फ्रँकांचं राज्य दोन मुलांत वाटलं गेलं, शार्ल आणि कार्लोमान. दोघांचं पटत नव्हतं. ७७१ च्या डिसेंबरात कार्लोमान विशीत मेला आणि शार्लचा शार्लमेन व्हायला रस्ता मोकळा झाला. गढीवरच्यांची कसोटी लावली तर हेच वर्ष पहिलं येतं. कार्लोमान घ्या. तुम्हाला माहीत आहे आपण मरणार आहोत आणि शेजारी जो भाऊ बसलाय तो युरोपचा बाप होणार आहे. बघा झोप लागते का.

आपल्याकडचं म्हणाल तर त्या वर्षी राष्ट्रकूटांच्या गादीवर पहिला कृष्ण आहे, ज्याने वेरूळचं कैलास लेणं खोदवलं असं मानतात. ८१२ च्या बडोद्याच्या ताम्रपटात कृष्णराजाच्या एलापुरच्या (म्हणजे वेरूळच्या) शिवमंदिराचं वर्णन आहे, की आकाशातून जाणारे देवसुद्धा थबकले वगैरे. खेळात कैलास लेणं खोदता येत नाही, पण मी आपलं वेरुळाच्या बाजूला पैसे ओतत बसतो. त्याचा पुतण्या दंतिदुर्ग त्याच्या आधी गादीवर होता, त्याचा ७५४ चा ताम्रपट आपल्या गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर सापडला. म्हणजे चालुक्यांना उखडून राष्ट्रकूट बसले त्याला पुरती वीस वर्षंही झालेली नाहीत. नवं घराणं, निपुत्रिक गेलेला पुतण्या, गादीवर काका. यापेक्षा मसालेदार काय पाहिजे?

ताम्रपट

नानांशी अर्धा सहमत. ७६९ ला मोठी नावं खरी आहेत, पण त्यांच्याखालचे मांडलिक खेळवाल्यांनी ढिगाने कल्पनेतून भरलेले होते, कारण साधनंच तुटपुंजी. भारतात तर फारच. तिसऱ्या भागात ते वर्ष का गाळलं असेल ते समजण्यासारखं आहे.

धागाकर्त्याच्या कसोटीशी मात्र मी असहमत. पुढचं माहीत असणं हा खेळणाऱ्याच्या पायातला खोडा आहे. विक्रमादित्य कर्तबगार निघणार हे ठाऊक असल्यामुळे तुम्ही पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे संशयाने किंवा लाडाने बघता. आहवमल्लाला ते ठाऊक होतं का? त्याने थोरल्याला युवराज केलं आणि आपला निर्णय योग्य आहे असंच समजून तो नदीत उतरला.

शिवाय 'कर्तबगार दुसरा' ही हकिगत आपल्यापर्यंत पोचते कुणाकडून? काश्मीरहून आलेल्या बिल्हणाकडून, जो विक्रमादित्याच्या दरबारात पदरी होता. विक्रमांकदेवचरितात तो सांगतो की बापाने युवराजपद आधी विक्रमादित्यालाच देऊ केलं आणि त्याने 'थोरल्याचा हक्क' म्हणून नम्रपणे नाकारलं. ज्याने पुढे त्याच थोरल्याला कोठडीत घातलं त्याने! पदरच्या कवीने दुसरं काय लिहावं?

गढीवरचा

ताम्रपट, बिल्हण पगारी होता हे मान्यच. तसा तर विल्यमच्या बाजूने लिहिणारा प्रत्येक जण पगारी होता. पण १०७६ ला काय झालं ते शिलालेखांतल्या संवतावरूनच दिसतं, त्याला कवी लागत नाही.

पायातला खोडा म्हणता तो मला हवाच आहे. पुढचं माहीत नसतं तर थोरल्याला बाजूला सारताना काहीच वाटलं नसतं. माहीत असतं म्हणून हात थरथरतो.

रातकिडा, तुमचा ५८६ वर्षांचा हिशेब कागदावर ठीक. आजवर किती जणांचा डाव १४५३ ला पोचलाय? प्रामाणिक उत्तर द्या. दीडेकशे वर्षांत अर्धा नकाशा आपल्या रंगाचा होतो, मग कंटाळा येतो, मग नवा डाव. पहिली पन्नास वर्षं दाट असली पाहिजेत, मागची चारशे कुणी बघत नाही.

रातकिडा

पोचलेत माझे. सगळे नाहीत. :)

यॉर्कवासी_मीनल

मजा येतेय वाचायला. मी राहते त्या गावाला या दोन्ही वर्षांचा धक्का बसलाय म्हणून लिहिते. डेन लोकांच्या मोठ्या फौजेने यॉर्क घेतलं ८६६ च्या १ नोव्हेंबरला, चर्चमध्ये सणाचा दिवस गाठून. नॉर्थंब्रियाचा राजा एला ते परत घ्यायला आला आणि ८६७ च्या २१ मार्चला मारला गेला. त्याच्या छळाच्या रंगवून सांगितलेल्या कथा बऱ्याच नंतरच्या, त्या सोडून देऊ. म्हणजे खेळातलं ८६७ जानेवारीत सुरू होतं तेव्हा एला तांत्रिकदृष्ट्या जिवंत असायला हवा. आणि स्टॅमफर्ड ब्रिज इथून पूर्वेला जेमतेम आठ मैल. आज तिथे गाव आहे, नदी आहे, एक स्मारकाचा दगड आहे आणि रविवारी जेवायला येणारी कुटुंबं.

तरी माझं लाडकं वर्ष १०६६ च, पण इंग्लंडसाठी नाही. मी खेळते तस्कनीची मातिल्दा. वीस वर्षांची, हाती इटलीतल्या खिंडी आणि श्रीमंत गावं, वर सम्राट हाइनरिख चौथा, खाली पोप, आणि दोघांनाही ती आपल्या बाजूला हवी. प्रत्यक्षात १०७७ च्या जानेवारीत याच हाइनरिखला तिच्या कनोसाच्या किल्ल्याच्या दारात बर्फात तीन दिवस पोपच्या क्षमेसाठी तिष्ठावं लागलं. मातिल्दाला मूल वाचलं नाही, तिच्या मागे तिच्या जमिनींवरून पोप आणि सम्राटांची पुढे कित्येक वर्षं रस्सीखेच चालली.

तर या डावातला कळीचा मुद्दा लग्न. साधं लग्न केलंत तर मुलं नवऱ्याच्या घराण्याची, आणि मातिल्दा मेली की तुमचा खेळ संपला. मातृवंशी लग्न लावायचं तर चांगल्या घरचा मुलगा तयार होत नाही. मग कुणाचा तरी धाकटा, कफल्लक, पण डोक्याने हुशार असा शोधून आणायचा. लढाई मी क्वचितच करते. पहिली वीस वर्षं स्थळं बघण्यात जातात.

पेडणेकरीण

मीनलताई, +१. स्थळं बघण्यावरून आठवलं, तुम्ही सगळे चालुक्य-चोळ करताय आणि गोव्याकडे कुणी बघत नाही. कृपया हलके घ्या, पण १०६६ चा सगळ्यात धूर्त माणूस आमचा आहे.

कदंबांचा पहिला जयकेशी. गोपकपट्टण, म्हणजे आजचं गोवा वेल्हा, जुवारी नदीकाठचं बंदर. नावाला चालुक्यांचा मांडलिक, पण जहाजं त्याची, व्यापार त्याचा. त्याने आपली मुलगी मयणल्ला दिली गुजरातच्या चौलुक्य कर्णाला, जो १०६४ ला गादीवर आला होता. त्यांचा मुलगा म्हणजे सिद्धराज जयसिंह, गुजरातच्या सगळ्यात नामांकित राजांपैकी एक. मयणल्लादेवी ती मीनळदेवी, तिच्या नावाच्या गोष्टी तिकडे अजून सांगतात. दुसरीकडे, कदंबांच्या लेखात म्हटलंय की जयकेशीने कांचीला चालुक्य आणि चोळ यांची मैत्री करून दिली. म्हणजे वीरराजेंद्राची मुलगी विक्रमादित्याला गेली त्या सोयरिकीत आमच्या माणसाचा हात होता असं धरायला जागा आहे. आणि त्याचा नातू दुसरा जयकेशी, त्याला बायको मिळाली खुद्द विक्रमादित्याची मुलगी मैलळादेवी.

तलवार न उपसता गुजरात ते कांची नातीगोती. हे खेळात करून बघा. एका लहान मांडलिकाने दोन पिढ्यांत तीन राजघराण्यांत सोयरिक जमवायची. मी करते. साम्राज्य वगैरे नको, वंशवृक्ष बघून समाधान.

गढीवरचा

पेडणेकरीणताई, जबरदस्त! जयकेशी माझ्या डोक्यातच आला नव्हता. पुढचा डाव हाच.

चोळांच्या बाजूचं अजून एक सांगतो, कारण तेही लग्नाचंच आहे. वीरराजेंद्र १०७० ला वारला. त्याचा मुलगा अधिराजेंद्र गादीवर आला. बिल्हणाच्या म्हणण्याप्रमाणे विक्रमादित्य स्वतः मेव्हण्याला गादीवर बसवायला कांचीला जाऊन आला. तो माघारी वळतो न वळतो तोच अधिराजेंद्र मारला गेला आणि गादीवर कोण बसलं? आंध्र किनाऱ्यावरच्या वेंगीच्या पूर्व चालुक्यांचा राजेंद्र, पुढचा कुलोत्तुंग. त्याची आई अम्मंगादेवी राजेंद्र चोळाची मुलगी, आजी कुंदवै राजराज चोळाची मुलगी. दोन पिढ्या चोळांनी वेंगीला मुली दिल्या, वेंगी आपल्या मुठीत राहावी म्हणून. तिसऱ्या पिढीत त्या मुलीच्याच मुलाने चोळांची गादी घेतली आणि ११२२ पर्यंत बसला. डाव सुरू झाल्यापासून चार वर्षांत हे सगळं. इंग्लंडवाले कसले हेस्टिंग्ज-हेस्टिंग्ज करतात.

नवखा_राजा

खूप छान धागा, वाचनखूण साठवली. मी परवाच घेतलाय खेळ. दोन शंका आहेत.

एक, नवीन माणसाने कोणतं वर्ष घ्यावं? मी हौसेने राष्ट्रकूट घेतले आणि एवढे मांडलिक बघून गोंधळलो.
दोन, शिवाजी महाराज कुठल्या वर्षात मिळतील?

रातकिडा

नवखेराजे, दुसऱ्या शंकेचं आधी. नाही मिळणार. खेळ १४५३ ला संपतो, महाराजांचा जन्म १६३० चा. याच मंडळींचा युरोपा युनिव्हर्सालिस ४ घ्या, तो ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. बहमनी आणि विजयनगर समोरासमोर आहेत, पुढचं तुम्ही घडवायचं.

पहिलीचं उत्तर: १०६६, आयर्लंड, मन्स्टरचा मुर्खाद. खेळातली शिकवणीही तिथेच आहे. आजूबाजूला सगळे तुमच्याएवढेच लहान, मोठा शत्रू लगेच अंगावर येत नाही. हळूहळू बेट गोळा करा. हो, मी ८६७ वाला असून १०६६ सुचवतोय, कुणी स्क्रीनशॉट काढू नका.

निवृत्त_नाना

काढला.

नवखेराव, राष्ट्रकूट घेऊन गोंधळलात यात नवल नाही. ८६७ ला तिथे अमोघवर्ष आहे. ८१४ ला पोरवयात गादीवर आलेला आणि अजून बसलेला, पुढेही दहाएक वर्षं बसणार. ८५१ च्या अरबी प्रवासवर्णनात जगातल्या चार मोठ्या राजांत त्याला धरलंय, 'बल्हरा' म्हणून. एवढं मोठं राज्य सांभाळायचं तर आधी लहान राज्य बुडवून बघावं लागतं.

ताम्रपट

अमोघवर्षाचा डाव कंटाळवाणाच होतो. राजधानीत, मान्यखेटला बसायचं आणि बंडं मोडायची. ८६७ ला दक्षिणेत खरी गंमत विजयालय चोळाची. तंजावर आणि भोवतालचा टापू, वर पल्लव, शेजारी पांड्य. शंभर-दीडशे वर्षांनी याचेच वंशज श्रीलंका आणि गंगेपर्यंत जाणार आहेत. तर रातकिडा, तुमच्या वर्षाबद्दल चांगलं बोललो, नोंद घ्यावी.

पण माझं मत ११७८ ला. कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो.

पश्चिमेत बघा. दोनच वर्षांपूर्वी, ११७६ ला, मिरिओकेफलॉनला बायझंटिन सम्राट मॅन्युएल सेल्जुकांकडून मार खाऊन आलाय, आणि ११८० ला तो जाणार. जेरुसलेमला कुष्ठरोगी बाल्डविन चौथा, ज्याने सोळाव्या वर्षी ११७७ ला मोंजिसारला सलादिनला पळवलं. ११८७ ला हत्तीनची लढाई, जेरुसलेम गेलं. १२०४ ला क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपलच लुटलं. दूर गवताळ प्रदेशात तेमुजीन नावाचं पोर मिसरूड फुटायच्या वयात आहे. सगळे जण कड्याच्या टोकावर उभे आहेत.

आणि दख्खन? कल्याणीवर चालुक्य नाहीतच, त्यांचेच मांडलिक कलचुरी बसलेत. त्यांच्या बिज्जलाचा ११६७ च्या सुमाराला खून झाला, तेव्हापासून सावरलेले नाहीत. दक्षिणेला होयसळांचा दुसरा बल्लाळ तरणाबांड, पूर्वेला काकतीय रुद्र. उत्तरेला सेउणदेशात पाचवा भिल्लम यादव. हा भिल्लम ११८७ च्या सुमाराला स्वतंत्र झाला, देवगिरीला राजधानी केली. कोल्हापूरकडे शिलाहार दुसरा भोज. एकेकाचा जीव सारखाच, गादी मात्र मधे रिकामी म्हणावी अशी. भिल्लम घेतलात तर ज्ञानेश्वरीच्या काळापर्यंत, १२९० पर्यंत, डाव नेणं हे माझं ध्येय असतं. १२९६ ला अल्लाउद्दीन देवगिरीला पोचायच्या आत वेशी बळकट करायच्या.

गढीवरचे, तुमच्या कसोटीत हे बसतं. मी कसोटी मानत नाही ही वेगळी गोष्ट.

पेडणेकरीण

ताम्रपट, ११७८ काढलंत आणि नायकीदेवी विसरलात? त्याच वर्षी मुहंमद घोरी मुलतानवरून वाळवंट ओलांडून गुजरातवर आला आणि अबूच्या पायथ्याशी कासह्रदला सपाटून हरला. राजा दुसरा मूलराज पोरसवदा होता. मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत आहे की राजमाता नायकी मुलाला मांडीवर घेऊन लढाईला उभी राहिली. ती परमर्दिन राजाची मुलगी असंही तिथे आहे, आणि हा परमर्दिन म्हणजे गोव्याचा कदंब शिवचित्त परमर्दी असं अभ्यासक मानतात. म्हणजे मयणल्लेनंतर शंभरएक वर्षांनी पुन्हा गोव्याची लेक गुजरातच्या राजधानीत, पाटणला! घोरी त्यानंतर गुजरातच्या वाटेला गेला नाही, पंजाबकडून आला. पुढे ११९१-९२ चं तराईन.

ताम्रपट

विसरलो नाही, तुमच्यासाठी ठेवली होती.

यॉर्कवासी_मीनल

मला एक खटकतं ते सांगते. तुम्ही इतकं भरभरून लिहिताय, पण भारतातला डाव खेळायला बसलं की यातलं पडद्यावर किती दिसतं? दुसऱ्या भागाला २०१४ लाच राजाज ऑफ इंडिया नावाचं उपप्रकरण मिळालं होतं. तिसऱ्या भागात आधी नॉर्स, मग स्पेन, मग इराण, मग बायझंटिन, मग गवताळ प्रदेश, मग चीन-जपान अशी पंगत बसली आणि भारत आपला वाढप्याकडे बघत बसलाय. चोळांची गादी मुलीच्या मुलाकडे गेली, जलसमाधी, स्वयंवर यातलं काही घडताना खेळ वेगळं काही दाखवत नाही. वंशवृक्ष तेवढा नेटका.

गढीवरचा

खरंय. पण म्हणूनच धाग्यात लिहायला उरतं. बाकी कराडच्या चंद्रलेखेचं स्वयंवर, जिने विक्रमादित्याला वरलं म्हणे, तेही बिल्हणच सांगतो. ताम्रपटांना विचारायला नको ते खरं किती.

ताम्रपट

चंद्रलेखा राणी होती हे खरं. स्वयंवरात काश्मीरच्या कवीला बसायला पहिल्या रांगेत जागा मिळाली होती का ते माहीत नाही.

नवखा_राजा

मुर्खाद घेतला. दोन मुलगे झाले, दोघांत राज्य वाटलं गेलं, आता माझाच भाऊ माझ्यावर चालून आलाय. हे नॉर्मल आहे का?

रातकिडा

अभिनंदन, खेळ सुरू झाला.

पेडणेकरीण

एकत्र खेळूया का सगळे? मल्टिप्लेअर, १०६६, फक्त दख्खन आणि दक्षिण. नाना दुसऱ्या भागातून बाहेर यायला तयार असतील तर.

निवृत्त_नाना

सेलमध्ये तिसरा भाग आला की सांगा. तोवर मी पंच.

गढीवरचा

मी येतो. आहवमल्ल घेतला तर दोन वर्षांत मरेन, म्हणून थेट विक्रमादित्य. ताम्रपटांनी थोरला सोमेश्वर घ्यावा, त्यांना आमच्या कर्तबगारीवर शंका आहेच. मीनलताई वेंगी घ्या, लग्नाचं सगळं तिथेच आहे. जयकेशी कुणाचा ते सांगायला नको. अंबरनाथच्या देवळाचा १०६० चा शिलालेख ज्याचा, तो ठाण्याचा शिलाहार मुम्मुणी नवख्याला देऊ, म्हणजे गाव ओळखीचं राहील. वीरराजेंद्र उरला.

ताम्रपट

सोमेश्वर चालेल. कोठडीची सोय आधीच बघून ठेवतो, विक्रमादित्याच्या मापाची.

पेडणेकरीण

नवखेराजे, एक सूचना. कदंबांच्या लेखांत जयकेशीने उत्तर कोकणच्या राजाला मारल्याचं लिहिलंय. शेजार सांभाळून.

रातकिडा

वीरराजेंद्र मी घेतो. ८६७ नाही तर नाही. मुलगी विक्रमादित्याला द्यायची की आणखी कुणाला ते अजून ठरलेलं नाही. स्थळं जयकेशीमार्फत पाठवावीत, हुंड्यात वेंगी मागू नये.